चादरींच्या प्रकल्पात मला नापास करण्याबाबत

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
परीक्षा विभाग, विद्यापीठ मुख्य इमारत,
दुसरा मजला, खिडकी क्र. ३ च्या मागील दालन.

विषय : अंतिम वर्षाच्या उद्योग-प्रायोजित प्रकल्पात मला मिळालेले शंभरपैकी ब्याण्णव गुण रद्द करून मला नापास करण्याबाबत (अर्ज तिसरा).

संदर्भ : १) माझा दि. ९ जूनचा अर्ज. २) माझा दि. २३ जूनचा स्मरण-अर्ज. ३) आपल्या विभागाचे दि. ३० जूनचे उत्तर, 'आपली गुणवाढीची विनंती अमान्य करण्यात येत आहे.'

महोदय,

१. प्रथम संदर्भ क्र. ३ विषयी. मी गुणवाढ मागितलेली नाही. माझ्या दोन अर्जांत मिळून 'नापास' हा शब्द अकरा वेळा आलेला आहे. याबाबत मी दि. १ जुलै रोजी खिडकी क्र. ३ वर विचारणा केली असता लिपिक महोदयांनी सांगितले की, फेरतपासणीच्या फॉर्मवर गुण कमी करण्याचा रकानाच नाही, आणि रकाना रिकामा ठेवला तर संगणक फॉर्म पुढे जाऊ देत नाही, म्हणून त्यांनी 'वाढ' वर खूण केली. 'आजवर कोणी मागितलंच नाही हो ताई,' असेही ते म्हणाले. सबब हा अर्ज साध्या कागदावर आणि हाताने लिहिलेला आहे. तो कोणत्याही रकान्यात बसवू नये, वाचावा, एवढीच अपेक्षा आहे.

२. मी संगणक विभागाची विद्यार्थिनी. अंतिम वर्षाला चौघांचा संघ करायचा, कंपनीने आपली खरी अडचण द्यायची, संघाने ती वर्षभरात सोडवायची आणि विद्यापीठाने गुण द्यायचे, अशी आपली योजना आहे. आमच्या संघाला धुलाईचा कारखाना मिळाला. तेथे रुग्णालयांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुतल्या जातात. माझी आई त्याच कारखान्यात घडीच्या दालनात एकोणीस वर्षे काम करते. हे ऐकून आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, 'घरचंच माणूस आत आहे, मग काय, माहिती चटकन मिळेल.' सरांचे एवढे एक वाक्य वर्षभरात पूर्णपणे खरे ठरले.

३. कंपनीची अडचण अशी : घडीच्या दालनात सहा टेबले आणि बारा बायका. गरम रुळांमधून कोरडी, इस्त्री झालेली चादर बाहेर पडते, दोघी दोन टोके धरतात, घडी घालतात, थप्पीवर ठेवतात. एका टेबलावर तासाला किती चादरी व्हायला हव्यात हे व्यवस्थापकांना 'शास्त्रीय पद्धतीने' हवे होते. आम्ही प्रत्येक टेबलावर कॅमेरा लावला, चादरी मोजणारा प्रोग्रॅम लिहिला आणि तीन दिवस मोजणी केली. सरासरी आली तासाला एकशे एक्याण्णव. हा आकडा आम्ही मानदंड म्हणून बसवला. प्रत्येक टेबलासमोर एक पडदा आणि त्यावर एक रंगीत पट्टी लावली. गती मानदंडाच्या जवळ असली की पट्टी हिरवी, घसरली की पिवळी, आणखी घसरली की लाल. लाल झाल्यावर पडद्यावर अक्षरे येतात, 'सोबती आपल्याला आठवण करून देत आहे.' सोबती हे नाव आमच्या संघप्रमुखाने ठेवले. अक्षरांचा रंग आणि आकार मी ठरवला.

४. त्या तीन दिवसांत काय झाले ते आता लिहिते, कारण परीक्षण समितीच्या पाच जणांपैकी एकानेही ते विचारले नाही.

पहिल्या दिवशी सकाळी आईने मला दालनात सगळ्यांसमोर उभे केले आणि सांगितले, 'ही माझी. हिची परीक्षा आहे, तुमच्यावरच आहे.' सर्वांत वयस्क काकू, ज्यांना दालनात सगळ्या मोठ्या काकू म्हणतात, त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. मग कॅमेरे सुरू झाले. मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसले होते. तीन दिवस एकही बाई पाणी प्यायला उठली नाही. एकीनेही कंबर सरळ केली नाही. बोलणे नाही, हसणे नाही, फक्त चादरी झटकल्याचा आवाज. मला वाटले, काय शिस्त आहे. मला आईचा अभिमान वाटला, आणि हे मी येथे लेखी नमूद करते.

दि. २० एप्रिल रोजी निकाल लागला. ब्याण्णव गुण आणि उत्कृष्ट प्रकल्पाची ढाल. त्या संध्याकाळी जेवताना आई खुशीत सांगू लागली, 'आम्ही आधीच ठरवलं होतं. जितक्या जास्त चादरी तितके तुला गुण, असंच आम्हाला वाटलं. मोठ्या काकूंचं मनगट सुजलं होतं, तरी म्हणाल्या, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, पोरीचं होऊन जाऊ दे.'

एकशे एक्याण्णव हा बारा बायकांनी मला दिलेला आहेर होता, आणि मी तो मोजून, सरासरी काढून, व्यवस्थापकांच्या हाती दिला होता.

५. तेव्हा मी गप्प बसले. हेही लिहिणे भाग आहे, कारण मी या अर्जात इतरांना सोडलेले नाही. ढाल घरात होती, आईने शेजारच्यांना बोलावून दाखवली होती, आणि कंपनीशी आम्हा चौघांच्या नोकरीचे बोलणे सुरू होते. मी मनाची समजूत घातली की पट्टी फक्त आठवण करून देते, तिचे कोण काय मनावर घेणार.

दि. १ मे पासून सोबती कायमचा सुरू झाला. पहिल्या दिवशी साडेनऊला सहाही पट्ट्या लाल झाल्या आणि सुट्टी होईपर्यंत लालच राहिल्या. बायका व्यवस्थापकांकडे गेल्या. ते म्हणाले, 'तीन दिवस जमलं होतं ना, मग जमतं. तुमच्याच पोरीने मोजलंय.' मे महिन्याच्या मध्यापर्यंत नऊ जणींना ताकीदपत्रे मिळाली. दि. २२ मे रोजी मोठ्या काकूंना 'गती अपुरी' म्हणून तळघरात मळक्या चादरी निवडण्याच्या कामावर पाठवले. रुग्णालयातून आलेल्या चादरींत काय काय गुंडाळून येते याची आपणांस कल्पना नसावी. दि. २ जून रोजी एका चादरीत राहिलेली सुई त्यांच्या बोटात गेली. कोणा रुग्णाची ते कळायला मार्ग नाही. आता त्यांच्या रक्ताची तपासणी सहा महिने ठरावीक अंतराने होत राहील, आणि तोवर त्या घरात नातवंडाला जवळ घेत नाहीत. डॉक्टरांनी 'घ्या हो, त्याने काही होत नाही' असे सांगूनही घेत नाहीत.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या मला रागावल्या नाहीत. 'तुला नोकरी लागली का गं?' असे विचारले. त्या रागावल्या असत्या तर कदाचित मी आपणांस एवढे अर्ज लिहिले नसते.

६. कोणाकोणाला सांगितले ते क्रमाने देते, म्हणजे 'योग्य मार्गाने यावे' असे दुसरे उत्तर येणार नाही.

मार्गदर्शक सरांना दि. ४ मे रोजी सांगितले. घडीच्या दालनाच्या मुकादमाच्या वहीत चार वर्षांच्या हाताने लिहिलेल्या नोंदी आहेत आणि तेथे तासाची सरासरी एकशे बेचाळीस येते, हे दाखवले. सर म्हणाले, 'वहीतली नोंद माणसाच्या हातची, आपली यंत्राची. यंत्राला कोणी पोरगी ओळखीची नसते.' मी म्हणाले, यंत्राला नसेल, पण चादरींच्या घड्या यंत्राने घातल्या नव्हत्या. त्यावर सरांनी घड्याळ पाहिले.

कंपनीच्या समन्वयक बाईंना दि. २५ मे रोजी सांगितले. त्यांनी कराराचे कलम ११ दाखवले : उत्तीर्ण झालेल्या प्रकल्पाचे सर्व हक्क कंपनीकडे जातात. मी विचारले, आणि अनुत्तीर्ण झाला तर? त्यांनी पान उलटून वाचले आणि त्यांचा आवाज थोडा उतरला. अनुत्तीर्ण प्रकल्प दुरुस्त होऊन पुन्हा परीक्षेस बसेपर्यंत कंपनीला वापरता येत नाही. कलम ११, परिच्छेद दुसरा. ही वाट मला त्यांनीच दाखवली, त्याबद्दल त्यांचे आभार.

संघातील तिघांना दि. ३ जून रोजी सांगितले. आपल्या नियम ७ प्रमाणे एका सदस्याने मोजणी सदोष असल्याची लेखी कबुली दिली तर सगळ्या संघाचा निकाल थांबतो, हे त्यांना ठाऊक होते. संघप्रमुखाला त्याच कंपनीत नोकरी लागली आहे. तो म्हणाला, 'तुझ्या आईमुळे आपण पास झालो आणि आता तुझ्या आईमुळेच नापास व्हायचं?' उरलेल्या दोघांनी मला मोबाइलवरच्या गटातून काढले. त्यांचे वर्ष वाया जाईल, आणि ते माझ्यामुळे जाईल. मी त्यांची माफी मागत नाही. तिघांनीही मोठ्या काकूंकडून त्या तीन दिवसांत चहा घेतला होता.

७. मोजणी सदोष म्हणजे काय हे परीक्षा विभागाला समजत नसल्यास घरचेच उदाहरण देते. दि. ९ जून रोजी मी खिडकी क्र. ३ समोर बाकावर तासभर बसले होते. त्या तासात लिपिक महोदयांनी चौदा अर्ज घेतले. प्रत्येक अर्ज वाचला, दोघांच्या चुका दुरुस्त करून दिल्या. दि. २३ जून रोजी आपण स्वतः खिडक्यांमागे हात बांधून उभे होतात. त्या तासात त्यांनी एकतीस अर्ज घेतले. सोबतीच्या पद्धतीने आपल्या विभागाचा मानदंड एकतीस ठरतो आणि आपली खिडकी वर्षभर लाल राहते. माझ्या नापास होण्याच्या अर्जावर 'वाढ' अशी खूण झाली ती याच एकतीसच्या तासात. पाहिजे असल्यास मी खिडकीवर पट्टी विनामूल्य बसवून देते. आपल्या दालनातही बसवता येईल, माझ्या पहिल्या अर्जाला आजपर्यंत उत्तर नाही हे तीवर दिसेल.

८. वरील सर्व पाहता माझी मागणी अशी की, आमच्या प्रकल्पाचा निकाल तातडीने रद्द करावा, मला शून्य गुण द्यावेत आणि तसे कंपनीस लेखी कळवावे. एवढा अधिकार आपणांस नसल्यास परीक्षण समितीतील कोणत्याही दोन मान्यवरांनी घडीच्या दालनात एका टेबलावर एक तास उभे राहून चादरींच्या घड्या घालाव्यात. एकशे एक्याण्णव झाल्या तर मी तिन्ही अर्ज मागे घेईन आणि समितीची जाहीर माफी मागेन. चादरी ओल्या सुटत नाहीत, गरम सुटतात. हातमोजे मिळत नाहीत.

९. सोबत मुकादमाच्या वहीच्या चाळीस पानांच्या प्रती, मोठ्या काकूंचा वैद्यकीय कागद, मूळ ढाल आणि दालनातील बायकांचे निवेदन जोडत आहे. 'आम्ही त्या तीन दिवसांत मुद्दाम नेहमीपेक्षा भरभर काम केले' असे त्यात लिहिले आहे. हे लिहून देण्याने त्यांची नोकरी जाऊ शकते, हे मी त्यांना दोनदा वाचून सांगितले. मोठ्या काकूंचे बोट पिकल्याने अजून बांधलेले आहे, म्हणून त्यांची सही डाव्या हाताची आहे, ती संशयास्पद समजू नये. सह्या अकरा आहेत.

१०. बारावी माझी आई आहे. तिने सही केलेली नाही. मी तिला चार वेळा विचारले. ती म्हणाली, 'माझी पोर नापास व्हावी असं मी माझ्या हाताने लिहून द्यायचं? कोणी साहेब विचारायला आला तर सांगेन, मी रोज अशीच घडी घालते.' त्या दिवसापासून ती तशीच घडी घालत आहे. दालनात सध्या एकच पट्टी हिरवी असते, ती टेबल क्र. ४ ची, आईच्या टेबलाची. समोरच्या बाईने निवेदनावर सही केली आहे, पण ती म्हणते, 'ही थांबत नाही, मग मी टोक कसं सोडू?' व्यवस्थापक आता इतरांना त्या टेबलाकडे बोट दाखवतात. समन्वयक बाईंनी मला फोन करून कळवले की टेबल क्र. ४ वरून आमचा आकडा बरोबर असल्याचे सिद्ध होते, आणि तो पुढील महिन्यापासून कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यातही लागू होईल.

मंगळवारी आई घरी आली तेव्हा तिला केसांची पिन काढता येईना. बोटे वळत नव्हती. मी काढू लागले तर तिने मान बाजूला घेतली आणि म्हणाली, 'काही नाही गं, सवय होईल.' तिचे वय चोपन्न आहे. तिची समजूत घालणे माझ्याने झालेले नाही. माझे गुण शिल्लक आहेत तोवर ती थांबणार नाही, आणि ते गुण आपल्या ताब्यात आहेत. निर्णय याच आठवड्यात द्यावा.

मागील दोन अर्जांत आपली नम्र असलेली,

(सही)
अर्जदार विद्यार्थिनी, संगणक विभाग, अंतिम वर्ष
बैठक क्र. ४०७१८
दि. ४ जुलै