फळ्यावरच्या सात खुणा

४ ऑक्टोबर १९९६, शुक्रवार

चौथा पिक्चर. इंग्रजी. बुडून मेलेला खलाशी घरी परत येतो. शंभरपैकी एकतीस. खलाशी जिना चढतो तेव्हा बुटांतून पाणी गळतंय, आणि तोच जिना पुढच्या मिनिटाला कोरडा! कॅसेट तीनदा मागे घेऊन पाहिली. कोरडाच.

भुताचे पिक्चर मी दुपारी बघतो, दुकानाचं शटर अर्धं वर ठेवून. अंधारात माणूस घाबरतो, आणि घाबरला की त्याला चूक दिसत नाही.

कल्याणचा कॅसेटवाला सांगत होता, परदेशात ३१ ऑक्टोबरला भुतांचा सण असतो. केबलवरचं एक इंग्लिश चॅनेल महिनाभर तेच दाखवतंय. म्हणून ठरवलं – आपणही ३१ तारखेपर्यंत रोज एक पाहायचा आणि परीक्षण दुकानाबाहेरच्या फळ्यावर लिहायचं. दुकान शहापूर स्टँडच्या समोर, त्यामुळे किन्हवली-डोळखांबच्या गाडीची वाट बघणारा प्रत्येक माणूस वाचतो. आज हायस्कूलचे दोन शिक्षक थांबून वाचत होते. सातवी नापास माणसाचं लिहिलेलं! एक चूक सापडली नाही त्यांना. लोक मला मास्तर म्हणतात ते उगाच नाही.

सकुबाई पायरीवर होती. दर शुक्रवारी असतेच. डोळखांबच्या पुढच्या वरच्या पाड्यावरची, एकटी, विधवा. काकड्या, भोपळे, सध्या झेंडू. वाचता येत नाही, म्हणून मलाच विचारलं – आज कोनाचा भूत, मास्तर? सांगितलं, बुडालेल्याचं. तर म्हणते, बुडालेल्याला पानी सोडंल काय? तो जिना कशाला चढंल?

दिग्दर्शकापेक्षा बाई हुशार.

९ ऑक्टोबर, बुधवार

हवेलीचा. हिंदी. अठरा गुण. वटवाघळाचा दोरा दिसतो.

ताराबाईंचं म्हणणं, परक्याच्या हवेलीतला दोरा दिसतो, आपल्या मोरीतला गेलेला बल्ब दिसत नाही. बायको परीक्षक असती तर एकालाही पास केलं नसतं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

डोकं फिरलं. चेटकिणीचा पिक्चर. बारा गुण, तेही कॅमेऱ्याचे. नखं वीतभर, ओठांना लाली, खदाखदा हसणं. अशी बाई गावात आली तर पोरं मागे लागून खिदळतील, घाबरणार कोण?

आज फळा दोनदा पुसून लिहिला. नुसत्या चुका दाखवून भागत नाही, बरोबर काय तेही सांगावं लागतं. तेव्हा खाली लिहिलं – ‘आपल्या भागातली खरी भुताळी अशी असते’, आणि सात खुणा. उजव्या डोळ्यात पांढरं फूल. डाव्या टाचेवर जोर देत नाही, त्यामुळे चालल्याचा आवाज येत नाही. पदराच्या टोकाला गाठ, जी ती चारचौघांत सोडत नाही. हनुवटीवरचं गोंदण अर्धं पुसट. मोजताना ओठ हलतात, शब्द ऐकू येत नाही. कुणाचंही मूल रडलं की आईच्या आधी ती उठते. आणि बोलावल्याशिवाय उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही.

शेवटी – ‘जुन्याजाणत्यांकडून खात्री करून घेतलेले.’

साधी बाई. म्हणूनच अंगावर काटा येतो. लिहून झाल्यावर मलाही आला – भर दुपारी! संध्याकाळपर्यंत फळ्यासमोर गर्दी. चहावाला गोजर म्हणाला, मास्तर, पिक्चरपेक्षा तुमचा फळा भारी.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

एक जण अर्धा तास उभा राहून खुणा वहीच्या पानावर उतरवून घेत होता. चंदर नाव, वरच्या पाड्यावरचा, पावसाळा सरला की वीटभट्टीवर जातो. विचारलं त्याने, “मास्तर, ह्या सगला खरा ना?” मी म्हणालो, माझ्या फळ्यावर खोटं कधी वाचलंस?

हसला नाही. त्याची मुलगी बाळी, चार वर्षांची, पंधरा दिवस तापाने पडून आहे. ताप येतो, जातो, परत येतो. त्याच्या कागदात एक वेलांटी चुकली होती. मी माझ्या पेनाने दुरुस्त करून दिली.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

आज अक्षर वाईट येणार.

सकाळी सकुबाई आली. पायरीवर टोपली ठेवली, मागे फळा, अजून १४ तारखेचाच. दसरा तोंडावर आलाय, झेंडूला झुंबड असायला हवी. तिच्याभोवती हातभर जागा मोकळी. लोक फळा वाचायचे, तिच्याकडे बघायचे, परत फळा वाचायचे. एका बाईने पोराला ओढून दुसऱ्या अंगाला घेतलं. सकुबाईने एकीला झेंडू मोजून दिला – ओठ हलले, आवाज नाही. एक पोर रडलं, ही अर्धी उठली. डोळ्यात फूल. पदराला गाठ. हनुवटीवर अर्धं गोंदण. पाण्याचा तांब्या मागायला आली, तर पावलाचा आवाज नाही, आणि उंबऱ्याबाहेर उभी.

सातही!

जुनेजाणते कोण? कुणीही नाही. मी एकाही माणसाला विचारलेलं नाही. काउंटरवर बसून डोळे मिटले, बाई कशी असेल ते आठवायला लागलो आणि जी सहा वर्षं समोर बसते तीच उतरवली. मला ते तेव्हा कळलंसुद्धा नाही. बारकावे बरोबर आले म्हणून खूश होतो.

ओल्या फडक्याने फळा पुसला. तिने विचारलं, आज कोनाचा? मी म्हणालो, आज नाही.

तिच्या नवऱ्याच्या धाकट्या भावाचा मुलगा – चंदर. समोरासमोर घरं. हे तिनेच सांगितलं, सहज. बाळीचा ताप उतरत नाही, भाताची पेज घेऊन जाते तर दार लावून घेत्यात, म्हणाली.

२० ऑक्टोबर, रविवार

पिक्चर नाही पाहिला. डोळखांब गाडीच्या कंडक्टरला गाठलं. तो म्हणतो, पाड्यावर तो कागद घरोघर फिरतोय. दिवाळीच्या अमावास्येला भगत येणार, भुताळीचं नाव सांगणार. म्हणजे नाव काय सांगायचं ते ठरलेलंच आहे – माझ्या शब्दांत.

नाव लागलेल्या बाईचं काय होतं ते मला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी डोंगरापलीकडच्या एका गावची बाई इथल्याच स्टँडवरून कल्याणच्या दवाखान्यात नेली. बाकड्यावर आडवी होती. मी तिच्या अंगावरच्या चादरीच्या पट्ट्या मोजत बसलो होतो, वर तोंडाकडे बघायला नको म्हणून. ती परत आली नाही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

फळ्यावर खुलासा लिहिला. ‘दि. १४ च्या मजकुरातील खुणांबाबत मतभेद असू शकतात. वाचकांनी त्या शब्दशः घेऊ नयेत.’

तासाभराने स्वतःच वाचलं. मतभेद! कुणाचे, कुणाशी? ‘मी मनाने लिहिलं’ हे तीन शब्द हाताला आले नाहीत.

गोजर चहा द्यायला आला तो दारातच थांबला. लोक म्हणतात, मास्तरलाच धरलंय तिने, म्हणून शब्द फिरवला. गमतीत म्हणाला. पण ग्लास काउंटरवर न ठेवता बाहेरच्या स्टुलावर ठेवून गेला.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

सकुबाई आली नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा.

२६ ऑक्टोबर, शनिवार

ताराबाईंना सगळं सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. भाकरी थापत ऐकलं, आणि म्हणाल्या, “लिहिताना सगळ्या स्टँडला सांगितलंत. आता एका पाड्याला तोंडाने सांगता येत नाही?”

मग म्हणाल्या, जाताना इस्त्रीचा शर्ट घालू नका.

२७ ऑक्टोबर, रविवार

साडेसातच्या गाडीने डोळखांब. पुढे पायी, पाऊण तास. भात कापून आडवं पडलेलं, शेतात माणसं होती, पण मला बघून कुणी हाक मारली नाही. पाड्याच्या तोंडाशी खेळणारी पोरं घरात पळाली. घाबरलो. इतकं कुठल्या पिक्चरने घाबरवलं नव्हतं. माझ्या मागे वीसेक माणसं न बोलता चालत येत होती आणि माझ्याच चपलांचा तेवढा आवाज.

चंदरच्या अंगणात खाटेवर बाळी. डोळे पिवळट, ओठ फुटलेले. समोरच्या घराच्या दारात सकुबाई उभी. तिच्या दाराला बाहेरून राख टाकलेली. कपाळावर एक खोक, सुकलेली. दगडाची असणार. मी विचारलं नाही.

उभ्यानेच बोललो. कुणी बस म्हणालं नाही.

“त्या खुणा मला कुणी सांगितल्या नाहीत. मी मनाने लिहिल्या. सकुबाई माझ्या पायरीवर बसते, तिला बघून लिहिल्या. ती माझ्या जागी दुसरीकडे बसत असती तर दुसऱ्या बाईच्या लिहिल्या असत्या.”

चंदरने कागद काढला. माझी वेलांटी निळ्या शाईत वेगळी दिसत होती.

“मग खात्री केली असा कशाला लिवलंव?”

“मला सगळं माहीत आहे हे लोकांना दाखवायला.”

पंचेचाळीस वर्षांत असं वाक्य तोंडातून गेलेलं नाही. एक म्हातारी फिस्सकन हसली. म्हणाली, म्हंजे आमच्या भगतासारखाच हाय की हा. दोन-तीन जण हसले आणि अंगण थोडं सैल झालं.

मग मुलीवर आलो. आजच्या आज शहापूरला दवाखान्यात न्यायची, जीपचं भाडं माझं. चंदर तयार झाला. त्याची बायको नव्हती होत. शेवटी तिने एक अट घातली – पोर निघायच्या आधी काकीने घर सोडायचं, खळ्यावरच्या खोपीत जाऊन राहायचं. बाळी बरी होईस्तोवर.

मला सौदा स्वस्त वाटला. मी हो म्हणालो. सकुबाईला कुणी विचारलं नाही – मीही नाही. तिने गाठोडं बांधलं, तवा वर ठेवला आणि खळ्याच्या वाटेला लागली. त्याच वेळी आमची जीप सुटली.

रक्त तपासलं. मलेरिया. डॉक्टर चंदरवर ओरडले, दोन दिवस उशीर केला असतात तर पोर हाताला लागली नसती. सलाईन लावलं, गोळ्या सुरू.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

बाळी उठून बसली. पेज मागितली! ताप दोन दिवस नाही.

चंदरने वॉर्डातच माझे पाय धरले. ‘डॉक्टरचा औषध पन लागला, मास्तर,’ असं म्हणाला. तो ‘पन’ घरी येईपर्यंत कानात होता. मी वळून म्हणायला हवं होतं, ‘पन’ नाही, औषधच. पोर हसत होती, तिच्यासमोर वाद नको वाटला.

एकाच दिवशी दोन गोष्टी केल्या – पोर दवाखान्यात, बाई खळ्यावर. कुठल्या गोष्टीने काय झालं हे आता त्यांना कसं दाखवू? पिक्चरात कुणी असं केलं असतं तर मी गुण कापले असते.

३ नोव्हेंबर, रविवार

चंदरचा निरोप, कंडक्टरच्या हाती. भगताला नको म्हणून कळवलं. कागद चुलीत घातला. काकीला कुणी हात लावणार नाही, मास्तरचा शब्द म्हणून.

वाचली! सगळं नीट झालं. खोपीतून घरी कधी आणणार ते निरोपात नाही. विचारून पाठवतो.

रात्री सलग झोप लागली, पंधरवड्याने.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकुबाई आली. माझ्या पायरीवर नाही, रस्त्यापलीकडे, गटाराच्या कडेला बसली. टोपलीत चार काकड्या. मीच गेलो. म्हटलं, घरी परत जा, मी चंदरशी बोलतो.

नको म्हणाली. तिला कुणी अडवलेलं नाही, तीच जात नाही. मी पाड्यावर येऊन तिच्यासाठी खोटं बोललो त्याबद्दल आभार मानले. म्हटलं, सकुबाई, पाड्यावर बोललो ते खरं, फळ्यावरचं खोटं. तर समजूत घालावी तशी माझ्याकडे बघून मान हलवली.

“मी भाहेर निंगाली नि पोर उठून बसली, मास्तर. मी तसली हाय, ता मलाच म्हाईत नव्हता.”

मग आवाज खाली आणून, आजूबाजूला बघत –

“तुमाला एवढा म्हाईत हाय. ता अंगातना काढायचा कसा, ता बी म्हाईत असंल. सांगा ना.”