हसूचा उजवा हात

३ नोव्हेंबर, सोमवार

ठाण्याहून नानाचा फोन. जानेवारीत आमच्या बी.एस्सी.च्या बॅचचा स्नेहमेळावा, त्याची पुस्तिका काढायची. प्रत्येकाने पाच ओळी पाठवायच्या. कुठून निवृत्त, मुलं कुठे, नातवंडं, सध्याचा छंद. "दुखणी एकाच ओळीत रे, नाहीतर दवाखान्याचा केसपेपर होईल." संकलन माझ्याकडे, कारण मला शाळेतल्या कविता अजून पाठ आहेत! बायको, शैला, म्हणाली, मग मला स्वयंपाक येतो म्हणून मी गॅस एजन्सी चालवू का.

संध्याकाळपर्यंत देशपांडेचे गुडघे आले. वत्सलाची मुलगी कॅनडात, नातींना मराठी समजतं पण बोलत नाहीत. प्रधानच्या पाच ओळी त्याच्या मुलाने पाठवल्या. प्रधान गेल्याचं त्यावरून कळलं. मग बराच वेळ खिडकीत बसून होतो. प्रयोगशाळेत माझ्या शेजारी उभा असायचा.

माझा शाळेपासूनचा मित्र हसू, त्याचं काही नाही. फोन केला. "माझं काय नवीन? मुख्याध्यापक होतो, आता शेतावरचा गडी. भात कापायला घेतलंय. नेऱ्याला ये, बांधावर बसून सांगतो पाच ओळी."

६ नोव्हेंबर, गुरुवार

अक्षर असंच येणार आज.

सकाळी नेऱ्याला गेलो तेव्हा दव होतं, कापलेल्या भाताचा वास. हसू डोक्याला पंचा बांधून कातकरी बायांबरोबर पेंढ्या बांधत होता. मला म्हणाला, "आठवीतली ती लढाईची कविता म्हण." मी म्हणायला लागलो. बाया हसत होत्या. इतकं बरं वाटत होतं की—

जीप आली. रुपेश, हसूच्या धाकट्या भावाचा मुलगा, आणि दोघं जण. जमीन हसू आणि रुपेशच्या नावावर सामाईक. रुपेशने फार्महाऊसवाल्या बिल्डरकडून उचल घेऊन ठेवलीय आणि हसू सही देत नाही, हे मला माहीत होतं. असं होईल हे माहीत नव्हतं.

"काका, शेवटचा इचारतंय. सही देताव का नाय?"

"नाय," हसू म्हणाला. माझ्याशी बोलताना त्याची भाषा पुस्तकी, भावकीत गेला की गावची. "बापाची जमीन हाय. तुज्या बिल्डरची नाय. जा घरी."

रुपेशने जीपमधून लोखंडी गज काढला. पहिला घाव डोक्यावर यायचा तो हसूने उजवा हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. ओली फांदी मोडते तसा नाही, वाळलेली मोडते तसा. दुसरा डोक्यात. हसू पेंढ्यांवर बसला, बसल्याबसल्या कलला. रुपेशने लाथ घातली बरगडीत. परत घातली.

मी उभा. हातात चहाचा पेला. तो पेलासुद्धा मी खाली ठेवला नाही.

एक कातकरी बाई विळा घेऊन मध्ये शिरली. "मास्तरला मारतस? ये, मना मार!" बाकीच्या ओरडत धावल्या तेव्हा ते गेले. बायांनीच हसूला उचलून टेम्पोत घातला. माझ्या मांडीवर डोकं. रुधिर, शोणित, किती शब्द पाठ केले होते आम्ही आठवीत, बाकांवर मुठी आपटत. ते चिकट असतं, लवकर काळं पडतं आणि त्याला वास असतो, हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

हसू शुद्धीवर. मनगट दोन ठिकाणी मोडलंय, आत धातूची पट्टी बसवली, प्लास्टर कोपरापर्यंत. डोक्याला टाके. मुलगी सुनंदा नाशिकहून आली. हवालदार जबाब घेऊन गेले, आधी हसूचा, मग माझा. पाहिलं ते सगळं सांगितलं. बायांचे जबाब घ्यायला गेले तर त्या कामासाठी वीटभट्टीवर निघून गेल्या होत्या. मुकादमाने पहाटेच नेल्या म्हणे. म्हणजे साक्षीदार मी एकटा.

शैला: "पाहिलंत ते सांगितलंत. आता बडबड नको."

१० नोव्हेंबर, सोमवार

हसूने खाटेवरून पाच ओळी सांगितल्या, मी लिहून घेतल्या. "निवृत्त मुख्याध्यापक. मुलगी नाशिकला, सुखात. पुतण्याला पाचवीपासून घरी ठेवून शिकवले. त्याने उजवा हात मोडला. जमीन विकलेली नाही."

नानाला वाचून दाखवल्या. तो म्हणाला, "अरे, स्नेहमेळावा आहे. 'शेतीत रमलेले' असं घालू का?"

मी म्हटलं, त्याच्या ओळी आहेत.

"हो, पण वत्सलाच्या नातींच्या शेजारी येतील ना."

रुपेश जामिनावर सुटला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

तळ्याकाठी फिरताना मोटरसायकल बाजूने हळूहळू. रुपेश. "काका, चष्मा नवीन घेतला का? जपा. तुमचा आमच्याशी काय वाकरा नाय. आमच्या घरातली गोष्ट हाय, तुमी मधी परू नका." किती गोड आवाज. तो लहान असताना मी हसूकडे जेवायला गेलो की हाच मुलगा ताटं मांडायचा.

दुपारी दगड. दिवाणखान्याची काच. शैला अनवाणी होती. पायातून काच काढताना तिने हूं की चूं केलं नाही, फक्त म्हणाली, "अहो, फरशीवर पाणी टाका, डाग राहील."

अमेयचा सुकापूरहून फोन. आमचा मुलगा शांत आहे, पण आज ओरडला. "बाबा, ही माणसं कोण आहेत माहिती आहे का तुम्हाला? जबाब बदला, 'नीट दिसलं नाही' म्हणा. वय आहे तुमचं तसं! आणि दोघंही आजच इकडे या."

गेलो नाही. घाबरलो मात्र. खुर्ची दाराला लावून बसलो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज हसूला घरी सोडलं. दवाखान्याच्या फाटकात रुपेश उभा, एक साथीदार बरोबर. सगळ्यांसमोर वाकला, हसूच्या पायावर डोकं ठेवलं. "आशीर्वाद द्या, काका." उठताना दोन्ही हातांनी हसूचा प्लास्टरमधला हात धरला, प्रेमाने धरावा तसा, आणि दाबला. पिरगळला. "सही नको आता. अंगठा चालंल. डावा."

हसू ओरडला. त्याला मी पन्नास वर्षं ओळखतो. तसा आवाज कधी ऐकला नव्हता.

मग माझी फिरायची काठी. पहिला फटका कानावर. रुपेश गुडघ्यांवर आला. मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. पाठीवर, मानेवर, पुन्हा पाठीवर. सुनंदा सांगते, मी मोठ्याने ती आठवीतली कविता म्हणत होतो, चरणागणिक फटका. मला कविता आठवत नाही. काठीतून तळहातात चढणारा तो दणका आठवतो. रखवालदाराने मागून मिठी मारून ओढलं तेव्हा मी त्यालाही ढोपर मारलं.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. छान वाटलं. जेवलो व्यवस्थित. दोनदा भात घेतला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं दृश्य बॅचच्या ग्रुपवर पोचलं. नाना: "वाघ रे वाघ!" देशपांडे, गुडघ्यांसकट: "शाब्बास! आपल्या बॅचचं रक्त!" वत्सलाने मुठीचं चित्र. हसूच्या पाच ओळी छापायला कचरणारे सगळे माझ्या चार फटक्यांवर खूश. पुस्तिकेत माझ्या नावापुढे हे घालायचं म्हणतात. मी दुपारपर्यंत तरंगत होतो.

मग हवालदारांचा फोन. रुपेशच्या कानाचा पडदा फाटलाय, डॉक्टरांचा दाखला आहे, त्याने तक्रार दिली. "काका, काय हे. साक्षीदार होतात तुम्ही, आरोपी झालात. आता दोन्हीकडून मारामारी असं दिसतं. मिटवून घ्या, सगळ्यांच्या भल्याचं."

मिटवणं म्हणजे काय ते संध्याकाळी कळलं. रुपेशचा निरोप आला. हसूने तक्रार सोडावी आणि सोमवारी निबंधक कार्यालयात अंगठा लावावा. मग तो माझ्यावरची तक्रार सोडील.

माझी काठी त्याने तारण ठेवून घेतली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

नेऱ्याला गेलो. हसू ओटीवर, हात गळ्यात बांधलेला. मला वाटलं होतं, काही नाही तरी पाठीवर थाप मारील. डाव्या हाताने का होईना.

"तुला कुणी सांगितलं होतं?" हसू म्हणाला.

"अरे, तू ओरडलास—"

"ओरडलो ना? फाटकात पंचवीस माणसं होती. तो काय करतोय ते सगळे बघत होते. एक जण तर पुढे आला होता. तू काठी उचललीस आणि सगळे तुझ्याकडे बघायला लागले. मोबाइल काढले ते तेव्हा. माझा हात कुणाच्या मोबाइलात नाही."

मी मान खाली.

"शेतात गजाने मारलं तेव्हा पेला धरून उभा होतास. त्याबद्दल मी एक शब्द बोललो का? घाबरलास, ठीक. माणूस घाबरतो. पण ही काठी माझ्यासाठी नव्हती. तो पेला विसरायचा होता तुला."

सुनंदा चहा घेऊन आली म्हणून बरं. ती म्हणते, "बाबा, द्या सोडून. आज हात आहे, उद्या डोकं फुटलं तर? आणि या काकांनी का कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या?"

हसू म्हणाला, "तेच म्हणतोय मी. सोमवारी जातो. लावतो अंगठा."

आख्ख्या गावात पहिला पदवीधर. त्याच्या बापाने आयुष्यभर अंगठा लावला म्हणून पोराला शाळेत घातलं होतं. हा पावसात पनवेलपर्यंत चालत यायचा, पुस्तकं पोटाशी धरून. मी परत येताना रिक्षात रडलो. रिक्षावाला: "काय झाला, बाबा? कोन गेला का?"

२२ नोव्हेंबर, शनिवार

शैलाला आधी सांगितलं, पोलिसांत जाऊन सगळं लिहून देतोय. ती भाजी निवडत होती. "जामिनाला माणूस लागेल. अमेयला मी सांगते. तुम्ही सांगाल तर पुन्हा कविता कराल." मग, न बघता, "स्वेटर घेऊन जा."

पोलीस ठाण्यात स्वतःच्या हाताने लिहून दिलं. रुपेशला काठीने मारले. तो खाली बसल्यावरही मारले. त्याने माझ्यावर हात उगारला नव्हता. मला तडजोड करायची नाही. त्याच्याविरुद्धचा माझा पहिला जबाब कायम आहे.

हवालदारांनी कपाळाला हात लावला. "काका, असं कुणी लिहितं का? वकिलाला विचारा आधी. 'स्वसंरक्षणार्थ' तरी घाला!"

"तसं नव्हतं ते."

"मग बसा बाहेर. साहेब आले की बघतील."

बाकावर रुपेश, जामिनाच्या हजेरीला आलेला, कानात कापूस. मी दूरच्या टोकाला बसलो तर म्हणाला, "या अंगाला बसा, काका. त्या कानाना ऐकू येत नाय." मी उठून दुसऱ्या बाजूला बसलो. काय करणार.

"काय लिवलाव?"

सांगितलं. "येडे झालाव काय तुमी? आत जाल."

"तूही जाशील."

त्याने कानातला कापूस नीट बसवला. मग तो म्हणाला, "हसूकाकानी मना शिकवला, मान्य. पन गावातली सगली इकून मोकली झाली. गाऱ्या घेतल्या, बंगले बांदले. माजी पोरा इचारतान, आपुनच का चिकलान?" आणि एकदम आवाज बदलून, दात आवळून, "मी मागं नाय हटनार. सांगून ठेवतंय. उचल दिलेली मानसा माज्याही दारात येतान. ती गज नाय आनत."

त्याची मान माझ्या काठीने सुजलेली. जवळून बघितली. त्याला पाणी हवं का विचारलं. नको म्हणाला.

साहेबांनी सही घेतली, समज दिली, बोलावू तेव्हा या म्हणाले.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळीच हसूकडे. सांगितलं.

"लिहून दिलंस? मारलं असं लिहिलंस, की मारावं लागलं असं?"

"मारलं. तो पडल्यावरही."

हसू "गाढवा," म्हणाला. पण कॉलेजात म्हणायचा तसं.

मी म्हटलं, आता तुझ्या अंगठ्याने माझी सुटका होत नाही. माझ्यासाठी म्हणून लावू नकोस. सुनंदा आतून ओरडली, "आणि आमच्यासाठी? माझ्यासाठी कोण लिहून देतंय, की बाबांना परत कुणी मारणार नाही?"

उद्या अकराची वेळ घेतलेली आहे. रुपेशची जीप न्यायला येणार.

हसूने मांडीवर कालच्या वर्तमानपत्राचा कागद घेतला, पेन डाव्या मुठीत लहान मुलासारखं धरलं आणि समासात स्वतःचं नाव काढायला लागला. पेन सटकत होतं, कागद फाटत होता. मी कागद दाबून धरला. नाव वाकडं, पहिलीतल्या पोराचं. पुन्हा. पुन्हा. घाम आला त्याला. प्लास्टरमधली बोटं काळीनिळी, तीही हलत होती, जणू तीच लिहितायत.

"अंगठा लावणार नाही," म्हणाला. "जे काही करीन ते सहीने."

"म्हणजे जाणार उद्या? कुठल्या कागदावर सही? विकण्याच्या, की नकाराच्या?"

"कागद गच्च धर," हसू म्हणाला. "हलतोय."