फाटकावरचा फलक आणि न दिलेला शब्द

सोमवारी यंदा निवडणुकीला उभ्या राहिलेल्या भाच्याने मला न विचारता माझ्या फाटकावर प्रचाराचा फलक टांगला. वर माझा फोटो, खाली ‘आत्याबाईंनी शब्द दिला, पूल मी बांधणार.’ असा शब्द मी दिलेला नाही. जिवंतपणी हे धाडस, तर माझ्या पश्चात काय होईल, म्हणून हे मृत्युपत्र. वय एकोणऐंशी. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणाचा दबाव नाही. दबाव आणणारे थकले, मीही थकले.

१. राहते घर धाकट्या बहिणीला, पूर्ण मालकीने. तेहतीस वर्षे मी वित्त विभागात फायली तपासल्या, तेव्हा माझा डबा तिने भरला. भाचा म्हणतो, “धाकट्या आत्याला एक खोली पुरे की. बाकीच्यात कार्यालय थाटू.” पुरत नाही. थाटू नये.

२. बचतीतून बहिणीचे औषधपाणी. तिच्यामागे उरेल ते नदीपलीकडच्या परिचारिकेला, होडीच्या भाड्यासाठी. कारण असे. पुलाची फाईल मी तीनदा परत पाठवली होती. अंदाजपत्रक अपुरे होते. निवृत्तीनंतर पक्षाने ‘स्वच्छ बाई’ म्हणून मला उभे केले. सभेत या परिचारिकेने विचारले, “बाई, आमचा पूल कधी?” शेजारी बसलेला भाचा कुजबुजला, “आत्या, नुसतं हो म्हण ना. हो म्हणायला काय जातं?” मी माइकवर म्हणाले, “तरतूद नाही.” लोक उठून गेले. पुढे अनामतही गेली. फायलीवरचा माझा शेरा बरोबर होता. ती अजून होडीनेच येते, हेही तितकेच खरे.

३. टेबल आणि नियमांची पुस्तके भाच्याला. निवडून आला तर लागतील. पडला तर वाचायला वेळ असेल. माझे नाव, फोटो व शब्द यांपैकी काहीही त्याला दिलेले नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहून, पुन्हा वाचून सही केली.

साक्षीदार: शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही), माझ्या कचेरीतले निवृत्त शिपाई (सही). दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

स्थळ: राहते घर, पुढची खोली. दिनांक: १२ मार्च, गुरुवार.

आज सुपूर्द केले ते: फलक एक, दोरीसह, भाच्याला परत. पोच घेतली. पोचेवर सही करताना त्याने विचारले, “आत्या, मत तरी देशील?” “पुलाचं पुरतं अंदाजपत्रक आण, मग बघू.” फाटकाच्या किल्ल्या दोन. दोन्ही धाकटीकडे.