साल्वातोरेंचं अंजीर

वोल्फ्सबुर्ग,
१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

ती. अण्णांना,
शुभदाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आज दसरा, तेव्हा आधी सोनं घ्या. इथे आपटा कुठला मिळायला! तुमच्या नातीने, ओवीने, मेपलची पिवळी पानं वाटली आणि प्रत्येकाकडून चॉकलेट वसूल केलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानातलं मशीन तुम्ही कपाटात घालून ठेवलंय, त्यामुळे पत्रच बरं.

बातमी अशी, की आम्हाला श्रेबरगार्टन मिळालं. गावाच्या कडेला कुंपण घातलेले बागेचे तुकडे असतात, लोक ते भाड्याने घेऊन झाडं-भाज्या लावतात. आमचा तुकडा साल्वातोरे नावाच्या इटालियन आजोबांचा होता. साठेक वर्षांपूर्वी ते इथल्या मोटारींच्या कारखान्यात कामाला आले, तेव्हा गावच्या अंजिराची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. तेच झाड आता खोपटाच्या भिंतीला टेकून माझ्या दुप्पट उंच झालंय. आजोबांना चौऱ्याऐंशीव्या वर्षी बाग झेपेना. सोडताना त्यांनी एवढंच मागितलं की झाड जपा आणि जुलैतली पहिली अंजिरं मला आणून द्या. मी तोऱ्यात सांगून टाकलं की माझे सासरे पुरंदरातल्या दिवे गावचे अंजीरवाले आहेत, चारशे झाडं आहेत त्यांची, तुम्ही निर्धास्त राहा.

थंडीच्या आधी इथे जो तो कात्री घेऊन बागेत उतरलाय. आपलंही छाटू का? किती छाटू? विनयला विचारलं तर तो म्हणतो, अण्णांनाच विचार. शेतकऱ्याचा मुलगा!

तब्येत सांभाळा. मुलीसारखी माया करता, ती अशीच असू द्या.
तुमची,
सौ. शुभदा

दिवे, ता. पुरंदर,
२६ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. शुभदा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र कालच मिळालं. विनयला झाडातलं काही विचारत जाऊ नकोस. लहानपणी त्याला पाणी द्यायला पाठवलं की तो पाटाच्या कडेला बसून गणितं सोडवायचा आणि पाणी शेजाऱ्याच्या वावरात जायचं.

आपल्याकडे मीठ्या बहाराची, म्हणजे उन्हाळ्यातल्या फळांची, छाटणी आत्ताच उरकली, म्हणजे तू अगदी वेळेवर विचारलंस. हात आखडता घेऊ नकोस. बायकांना फांदी कापताना जीव तुटतो, म्हणून आधीच सांगतो. अंजिराला फळ नव्या फुटीवर येतं, जुन्या काड्या ठेवून काही उपयोग नाही. कमरेइतकं ठेव, बाकी सगळं उतरव. चीक हाताला लागू देऊ नकोस, फार खाज सुटते. महिन्याभरात कोंब दिसतील, ते आजोबांना दाखव आणि माझा रामराम सांग.

ओवीला म्हणावं, या दिव्याच्या आजोबांना मराठीत दोन ओळी लिही. तुम्हा तिघांना दिवाळीचे आशीर्वाद. घरचं सगळं ठीक. आठवण ठेवता, असंच लिहीत राहा.
तुझा,
दत्तात्रय

वोल्फ्सबुर्ग,
१ डिसेंबर २०२४

ती. अण्णांना,
शि. सा. न. वि. वि.

अण्णा, घोटाळा झालाय. तुमचं पत्र आलं त्याच शनिवारी मी आणि विनयने झाड कमरेइतकं उतरवलं. खाज सुटली तरी मी खुशीत होते. तेवढ्यात शेजारच्या बागेतल्या फ्राऊ क्रूगर, म्हणजे क्रूगरबाई, कुंपणापाशी आल्या आणि दोन्ही हात डोक्याला लावून उभ्याच राहिल्या. त्यांनी कापलेल्या फांद्यांची टोकं उचलून दाखवली. टोकाशी वाटाण्याएवढी हिरवी अंजिरं होती. ती हिवाळाभर तशीच बसतात आणि जुलैत पिकतात, इथलं पीक तेच. नव्या फुटीवर येणारी फळं पिकायच्या आत थंडी पडते. शिवाय आत्ता कापलेल्या जागेतून गारठा आत शिरतो म्हणे. इथे अंजीर नोव्हेंबरात फक्त बांधून ठेवतात. कात्री लावायची ती थंडी संपल्यावर.

म्हणजे पुढच्या जुलैची अंजिरं मी सगळी कापून टाकली आणि झाड जगेल की नाही हेही ठाऊक नाही.

पुढचं लिहायला लाज वाटते, पण तुमच्यापासून काय लपवायचं. साल्वातोरे आजोबा रविवारी कुंपणाशेजारून फिरत जातात. त्यांना कळू नये म्हणून मी खुंटाभोवती उंच बांबू रोवले, आत पेंढा आणि वाळकी पानं ठासली आणि वरून थंडीचं पांढरं कापड गुंडाळून झाड होतं तेवढं उंच उभं केलं. विनय म्हणाला, आता याला डोळे काढले की बुजगावणं तयार. गेल्या रविवारी आजोबा आले, बाहेरूनच बघितलं आणि म्हणाले की इतकं नीट बांधलेलं मी कधी पाहिलं नाही. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

काय करू ते लिहा. रागावलात तरी चालेल, पण लवकर लिहा.
तुमची,
शुभदा

दिवे,
१६ डिसेंबर २०२४

चि. सौ. शुभदास आशीर्वाद.

तुझ्यावर कशाला रागावू? मी बर्फ पाहिलाय तो रसवंतीत. तिकडे थंडी किती, झाड कशावर फळतं, काहीएक न विचारता पुण्याची छाटणी जर्मनीला पाठवून दिली. चारशे झाडांचा फार ताठा झाला होता मला.

झाडाची आशा सोडू नकोस. मागे बांधाचं गवत पेटलं तेव्हा आपली कडेची झाडं बुंध्यापर्यंत जळाली होती. उपटायला माणूसही सांगितला होता. पुढच्या हंगामात ती मुळातून फुटून वर आली. मुळाभोवती पालापाचोळा भरपूर घाल, काळजी मुळाचीच घ्यायची.

पण त्या साल्वातोरेंना आधी सांग. त्यांना फ्राऊ क्रूगरकडून कळलं तर ते पुन्हा तुझ्या फाटकाशी उभे राहणार नाहीत. माझं नाव घे. म्हणावं, सासऱ्याचा शहाणपणा होता. खरंच तसं आहे. एकटी जाऊ नकोस, विनयला पुढे घाल, त्यालाही थोडं ऐकू दे.

जिवाला फार लावून घेऊ नकोस. तुझ्या पत्रावाचून इथे करमत नाही.
तुझा,
दत्तात्रय

वोल्फ्सबुर्ग,
१९ जानेवारी २०२५

ती. अण्णांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आल्यावरही मी पंधरा दिवस चालढकल केली. शेवटी संक्रांत गाठली. म्हटलं, तिळगूळ हातावर ठेवला की आपोआप गोड बोलावं लागेल. आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो, रीत समजावली. आजोबांनी लाडू खाल्ला, आवडला म्हणाले, दुसरा घेतला. मग मी सगळं सांगितलं, बुजगावण्यासकट.

गोड बोलले नाहीत. आधी जर्मनमध्ये बोलले, मग ते पुरेना म्हणून इटालियनमध्ये. विनय मान खाली घालून बसला होता, मी रडत होते. कापण्याचं दुःख त्यांना होतंच, पण राग त्या बांबूंचा होता. मी शाबासकी दिली तेव्हा तू गप्प कशी राहिलीस, हेच पुन्हापुन्हा विचारत होते. तुमचं नाव घेतलं तेव्हा त्यांनी विचारलं की तुमच्याकडे अंजीर पिकतं कधी. मार्चमध्ये, म्हटल्यावर त्यांनी खिडकीकडे बोट केलं. बाहेर बर्फ पडत होता.

निघताना एवढंच म्हणाले की मूळ जिवंत असलं तर मे महिन्यात कळेल, तोवर मला बोलावू नका. आता रविवारी कुंपणाशी कुणी येत नाही. पालापाचोळा तुम्ही सांगितल्यापेक्षा दुप्पट घातलाय. बाकी वाट बघणं.

आशीर्वाद असू द्या, या वेळी जरा जास्तच.
तुमची,
शुभदा

वोल्फ्सबुर्ग,
२५ मे २०२५

ती. अण्णांना,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

एप्रिल अख्खा कोरडा गेला. सफरचंदं फुलली, फ्राऊ क्रूगरच्या चेरीचा बहर येऊन गळलासुद्धा, बांबू-कापड काढून उघडा केलेला आपला खुंट मात्र काळा तो काळाच. नखाने खरवडून पाहिलं, आत हिरवं काही नव्हतं. फ्राऊ क्रूगर हळूच म्हणाल्या की नवीन रोप आणलेलं बरं. मी काही आणलं नाही.

इथे मेच्या मध्यापर्यंत एखादी कडक रात्र येते म्हणून तोवर मुळावरचा पाचोळा हलवला नव्हता. गेल्या रविवारी काढायला घेतला. ओवी हाताने पानं उपसत होती, ती एकदम ओरडली. तुमचं म्हणणं खरं झालं, अण्णा. खुंट मेला, पण मुळातून बोटाबोटाएवढे कोंब आलेत, चांगले जाडजूड. मी तिथेच मातीत बसून रडले आणि मग आजोबांना फोन केला.

ते तासाभरात आले, टायसुद्धा लावून. स्टुलावर बसून कोंब निरखत राहिले. मग म्हणाले, एवढे सगळे ठेवले तर एकही धड वाढणार नाही, चार ठेवायचे. कात्री माझ्याकडे सरकवली. मला ती धरवेना. तेव्हा ते काठीने एकेक कोंब दाखवत गेले आणि मी कापत गेले. शेवटी शेजारीशेजारी दोन उरले, दोन्ही सारखेच तजेलदार, आणि त्यांतला एकच ठेवायचा होता. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली आणि म्हणाले, झाड तुझं आहे, तूच ठरव.

यंदा अंजिरं नाहीत, कदाचित पुढच्या वर्षीही नाहीत, हे ते येत्या आठवड्याबद्दल सांगावं तसं सहज सांगून गेले. पहिली पिकतील तेव्हा माझ्याकडे आणू नका, मीच खायला येईन, असंही म्हणाले.

मी ठरवलं, अण्णा. तुम्हाला न विचारता, कुणालाच न विचारता कापलं. कोणता ठेवला ते मात्र लिहीत नाही. तुम्ही या आणि बघून सांगा, बरोबर केलं का. कात्री तेवढी घरी ठेवून या.

तुमची,
शुभदा