दाजीचं नॉर्मल रक्त

३ फेब्रुवारी १९९७, रोहा
नाथाचा रिपोर्ट मुंबईच्या लॅबमधून आला. नाथा धाटावच्या कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला. मानेला गाठी, रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या. मी मायक्रोस्कोपखाली बघून निदान केलं होतं: रक्ताचा कॅन्सर, पण हळू चालणारा, घाई नको. तिथलं मशीन म्हणतं, नाही! पेशींच्या अंगावर मार्कर असतात, त्यावरून आजाराची जात ठरते. नाथाच्या पांढऱ्या B पेशींवर CD5 हा मार्कर आहे, CD23 नाही. म्हणून हा वेगळा, झपाट्याने पसरणारा.
वीस वर्षं काच बघतोय मी. यात काहीतरी काळंबेरं आहे.

५ फेब्रुवारी
नाथाला उपचारासाठी मुंबईला न जाता थांबायला सांगितलं. त्याची बायको रंभा म्हणाली, गाठी वाढत हायेत पण. म्हटलं, शंका घेऊ नका. शंका घेणं माझं काम.
कॉलर टोचते. धोबी मुद्दाम कांजी वाढवतोय.

६ फेब्रुवारी
ऐन थंडीत घामाने बनियन भिजला. बायकोने, सरोजिनीने, पांघरूण बदलून जाड घातलेलं दिसतं. विचारलं तर नाही म्हणाली. जरा पटकनच म्हणाली.

८ फेब्रुवारी
मशीनला पकडायचा प्लॅन: नॉर्मल रक्त खोट्या नावाने पाठवायचं. टेक्निशियन अनिता म्हणाली, माझं घ्या सर. नको. ती मुंबईवाल्यांशी फोनवर फार गोड बोलते. माझंच काढलं. जिल्ह्यात याहून नॉर्मल रक्त नाही. नाव टाकलं: दाजी, मुक्काम खांब.

१३ फेब्रुवारी
सापडले! दाजीला रक्ताचा कॅन्सर म्हणे! CD5 आहे, CD23 पण आहे; हळू चालणारा. धडधाकट माणसाला! पेढे आणले.
सरोजिनी हसली नाही. रक्त कोणाचं होतं, विचारलं आणि माझी मान चाचपायला लागली. ही कोणाच्या बाजूची?

१४ फेब्रुवारी
अनिताने दाजीच्या उरलेल्या रक्ताची स्लाइड करून ठेवली आणि चहाला गेली. बघितली. पांढऱ्या पेशी वाढलेल्या. स्लाइड बदललेली असणार. दार लावून स्वतःच्या बोटाला सुई टोचली, नवी स्लाइड केली. तेच. लेन्स पुसली. तेच.
दाजीचं बरोबर, म्हणजे नाथाचंही बरोबर. नाथाच्या घरी निरोप धाडला: ताबडतोब मुंबईला निघायचं. आठवड्याहून जास्त थांबवला मी त्याला. भीती वाटते. दोघांचीही.
पेढे तसेच आहेत.

१७ फेब्रुवारी, सकाळी, पेण स्टँड
गाडी थांबलीय. नाथा, रंभा, सरोजिनी, मी. नाथाने खिडकीची जागा मला दिली. म्हणाला, डॉक्टर, माझ्यासाठी एवढा तरास कशाला घेतलात? रंभाचे डोळे भरले. सरोजिनी माझ्याकडे बघत राहिली.
म्हटलं, दाजीचंही काम आहे तिकडे. नाथाने विचारलं, कोण दाजी?
आहे एक खांबचा, म्हटलं. संशयी माणूस. एकटा यायला घाबरतो.