सगळ्यात वरचा नियम

मंगळवार, संध्याकाळ. कोथरूड.

जेवावंसंही वाटत नाहीये. सकाळी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझ्या टीममधल्या शिल्पाला म्हणालो, "येत नसेल तर विचारत जा, इथे विचारायला बंदी नाही." तिने कंपनीच्या नेटवर्कची राखण करणाऱ्या फायरवॉलवर इंटरनेटवरचा एक पत्ता बंद केला होता, तरी तिथून ट्रॅफिक आत येतच होतं.

दिवसभर शोधलं. फायरवॉल नियम वरून खाली वाचतो. एक लागू पडला की खालचे बघतच नाही. तिचा नियम बरोबर होता, पण खाली. सगळ्यात वर सगळ्यांना आत सोडणारा एक जुना नियम. शेरा, "तात्पुरता". पुढे माझं नाव.

दाखवल्यावर ती एवढंच म्हणाली, "राहू दे की सर, तात्पुरताच आहे ना."

नियम काढला. माफी राहिली. सकाळीही तेच झालं ना? आधी मी बोललो, मग तिचं कुणी ऐकलंच नाही.