पांढरा बटाटा

आये, आज सकाळी पण दोन झाली. एक खाल्लं, दुसरं ताटलीखाली झाकून ठेवलंय, ते संध्याकाळी गारच खाईन. या मेल्या मशीनला दोन खण आहेत, अर्ध्या भाकरीएवढे. एकाच खणात अंडं ओतलं तर दुसरा रिकामा तापून करपट वास मारतो, म्हणून दोन्ही भरायचे. एकट्या बाईला दोन ऑम्लेटं लागत नाहीत, हे बनवणाऱ्याला कोण सांगणार! तू गेलीस तेव्हा आपल्या घरात साधा मिक्सर नव्हता, त्यामुळे तुला हे सगळं नीट समजावून सांगावं लागेल. विजेवर चालणारा एक डबा आहे, पुस्तकासारखा उघडतो. आत तेलाचं बोट फिरवायचं, वाटीत फेटलेलं अंडं ओतायचं, कांदा-मिरची-कोथिंबीर जे घालायचं ते आधीच घालायचं, आणि झाकण पाडायचं. लाल दिवा असतो, तो जाऊन हिरवा लागला की झालं. पाच मिनिटं. पहिल्या दिवशी मी हावरटासारखं काठोकाठ भरलं, तर बाजूने पिवळा ओघळ थेट ओट्यावर. पुसता पुसता माझी मीच हसले, आणि मग घरात हसायला दुसरं कोणी नाही म्हणून गप्प बसले.

हे माझ्या लेकीने पाठवलंय पुण्याहून. मागच्या महिन्यात मी गॅसवर दूध ठेवलं आणि खुर्चीत डोळा लागला तो लागलाच. पातेलं जळून काळं झालं, धूर जिन्यात गेला, खालच्या मजल्यावरच्या बाईने दार बडवून मला उठवलं आणि वर लेकीला फोनही केला. चार दिवसांत खोकं दारात. "आई, सकाळी गॅसला हात लावायचा नाही. प्लग लाव, झाकण लाव, हिरवा दिवा लागला की काढ. टाइम पण वाचतो." वाचलेल्या टाइमाचं मी करू काय, हे मी तिला विचारलं नाही. तिला वाईट वाटलं असतं. सत्तावीस वर्षं मी वाशिंदच्या कारखान्यात पॅकिंगला उभी राहिले, तेव्हा एकेक मिनिट चोरावं लागायचं. आता तुझा जावई जाऊन चार वर्षं झाली, आणि दिवस संपता संपत नाही. एकटं वाटतं गो आये. कधी कधी दोन दोन दिवस तोंडातून शब्द निघत नाही. वाण्याने "काय देऊ?" विचारलं की आधी घसा खाकरावा लागतो.

तर, त्या झाकणाबद्दल सांगत होते. झाकण पाडल्यावर धूर नाही, आणि वासही जेमतेम. पहिल्या दिवशी ते बघितलं आणि मनात आलं, हे मशीन माझ्या आयेला मिळायला हवं होतं. आणि ते एकदा मनात आल्यावर बाकीचं सगळं मागोमाग आलं. मला तुला दोन गोष्टी सांगायच्या आहेत, एक पन्नास वर्षांपूर्वीची आणि एक गेल्या मंगळवारची. दोन्ही काकीबद्दल आहेत.

मी नऊ वर्षांची. टायफॉइडमधून उठलेली, पाय काड्यांसारखे, केस मुठीने गळतायत. मुरबाडच्या डॉक्टरने सांगितलं, पोरीला रोज एक अंडं द्या. तू मान हलवलीस आणि मला घेऊन आपल्या टोकावड्याच्या बसमध्ये बसलीस. बाबा माळकरी. आपल्या घरात अंडं सोड, अंड्याचं नावही निघायचं नाही. पण कुंपणापलीकडे शेजारची काकी होती, तिच्या कोंबड्या होत्या. तुझी मैत्रीण म्हणावी अशी तीच एक. ती पदराखालून अंडं द्यायची, तू पदराखाली घ्यायचीस. घरामागे पेंढ्याच्या उडवीआड तीन दगड मांडलेले, कडेला तुटलेला तवा उडवीतच खुपसून ठेवलेला. बाबा शेतावरून यायच्या आत सगळं उरकायचं. काकी बांधावर उभी राहायची आणि बाबा लांबून दिसले की खोकायची. पळसाच्या पानावर ते ऑम्लेट यायचं, चटके देणारं, मिठाचे खडे दाताखाली लागायचे, आणि तू म्हणायचीस, "गिळ गो लवकर, धूर दिसंल." मग टरफलं उकिरड्यात पुरायची, पान विस्तवात टाकायचं, मला चूळ भरायला लावायची आणि वर तुळशीचं पान चघळायला द्यायचं. त्याला आपण अंडं म्हणायचो नाही. माळकऱ्याच्या घरात ते नाव नको म्हणून तू त्याला बटाटा म्हणायचीस. पांढरा बटाटा. मला खरोखरच वाटायचं की तो बटाट्याचाच एक प्रकार आहे, काकीच्या कोंबड्या घालतात तो.

आता तो दिवस. मी पडवीत बसलेय. बाबा म्हसा गावच्या जत्रेहून आलेत, खूश आहेत, कारण बैल मनासारखा मिळालाय. माझ्यासाठी लाल बांगड्या आणल्यात. माझा हात धरून एक बांगडी चढवतायत आणि विचारतायत, "काय गो, अंगात जरा रग आली वाटतं. आज काय खाल्लंस?" मी म्हणते, "बटाटा." ते हसतात. "नुसता बटाटा?" आणि मी, शहाणी, त्यांना समजावून सांगते, "साधा नाय, पांढरा बटाटा. त्याच्यात पिवळा बलक असतो ना, तो." बाबांचा हात थांबला. बांगडी अर्ध्यावर होती, ती त्यांनी सावकाश मनगटावर सरकवली. दुसरी माझ्या शेजारी ठेवली. उठले, हातपाय धुतले, आणि तुला एवढंच म्हणाले, "तांदूळ काढून ठेव. माझं मी शिजवीन."

ओरडले असते, मारलं असतं तर एका दिवसात निभावलं असतं. बाबा सव्वा महिना पडवीत वेगळी चूल मांडून स्वतःचा भात रांधत राहिले. तुझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही, विहिरीवरून स्वतः आणलं. गावात असली गोष्ट लपते होय! पाणवठ्यावर बायका तुला बघून गप्प व्हायच्या. आणि त्या पहिल्याच संध्याकाळी तू मला गोठ्यात नेऊन विचारलंस, "त्यास्नी कुनी सांगितलं? तू बोललीस?" मी नाही म्हणून मान हलवली. "मग कोन बोललं?" माझ्या हातात त्या बांगड्या होत्या. मी कुंपणाकडे बघितलं आणि म्हणाले, "काकी."

बाबांना बोलले ते नकळत बोलले, त्याचं मला कधी फार वाटलं नाही. लहान पोर, तिला काय कळतं. पण तुला जे सांगितलं ते कळून सांगितलं, आये. नऊ वर्षांच्या पोरीला ते चांगलं कळत होतं. तू तशीच कुंपणाशी गेलीस. तुझा तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. "पदराखालनं अंडी द्यायची आनि माझ्याच घरात चहाडी करायची? थू तुझ्या मैत्रीवर!" काकीच्या हातात सूप होतं. ती म्हणाली, "मी नाय गो बोलले. देवाशपथ नाय." मग तिला मी दिसले, तुझ्या लुगड्यामागे, हातात नव्या बांगड्या. ती माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ. सूप घेऊन आत गेली.

त्यानंतर अठ्ठावीस वर्षं तुम्ही एका कुंपणाला लागून राहिलात आणि बोलला नाहीत. तिच्या कोंबड्या आपल्या अंगणात आल्या तरी तू हुसकवायची नाहीस, कारण हुसकवायचं तर तोंडाने आवाज करावा लागला असता. भाताच्या लावणीला तुम्ही दोघी शेजारी शेजारी असायचात, ते गेलं. बाबा सव्वा महिन्याने तुझ्या हातचं जेवले, पुढे सगळं विसरलेही. पण तुला बोलायला माणूस उरलं नाही. तू म्हशीशी बोलायचीस. धार काढताना अख्ख्या दिवसाचं तिला सांगायचीस, आणि मी दारामागे उभी राहून ऐकायचे. तेव्हा सांगता आलं असतं. मग म्हटलं, मोठी झाले की सांगेन. लग्न झालं की सांगेन. लेक झाली, तेव्हा तू बाळंतपणाला आलीस, रात्रंदिवस माझ्याजवळ होतीस, तेव्हाही नाही. मुरबाडच्या दवाखान्यात तू आठ दिवस पडून होतीस. शेवटच्या दिवशी मी तोंड उघडलं ते सांगायलाच, आणि विचारलं काय, तर "पाणी देऊ का?" तू दोन घोट प्यालीस. संध्याकाळी गेलीस. घरी आणलं तेव्हा सगळा गाव आत येऊन बसला. काकी पायरीखाली उभी होती, उन्हात, पदर तोंडाला लावून. मी तिला बघितलं आणि आत ये म्हणाले नाही.

आता मंगळवारचं. चुलतभावाचा फोन आला होता की काकी पडली, फार दिवस काढेल असं वाटत नाही, आणि माझी आठवण काढते. मी म्हटलं, बाई, आता तरी जा आणि सांगून मोकळी हो. पिशवीत मशीन घेतलं. सहा अंडी डब्यात तांदळात खुपसली, तू लपवायचीस तशी, एकही फुटलं नाही. शहापूरहून मुरबाडची एसटी, मुरबाडहून टोकावड्याची. मशीन मांडीवर धरून सगळा रस्ता वाक्य जुळवत होते. "काकी, मीच बोलले होते." एवढंच तर होतं.

काकी खाटेवर होती. इतकीशी झालीय, दात एकही नाही. "कोन? वाशिंदवाली का गो? किती गो म्हातारी झालीस!" म्हटलं, तू कुठे तरणी राहिलीस. हसली. सून शेतावर, मुलगा कामावर, घरात आम्ही दोघीच. मी प्लग लावला तर लाईट नाही, सकाळपासून गेलेली. झालं! मशीन मध्ये ठेवून आम्ही दोघी बसलो, पाहुणा यायचाय अशा. मी अंडी फेटली, कांदा अगदी बारीक केला, मिरची घातली नाही. तोंडात वाक्य तयार होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, "एक इचारू? तुझी आयस जाताना माझ्याबद्दल काय बोलली का?"

आये, मी तिच्या तोंडाकडे बघितलं. बावीस वर्षं हा प्रश्न घेऊन बसली होती ती. आणि मी म्हणाले, "बोलली तर. म्हणाली, काकीनं नव्हतं सांगितलं, मला ठाऊक हाय." तिने डोळे मिटले. "कदी बोलली?" "शेवटच्या दिवशी. दोन घोट पाणी प्याली आणि बोलली." तेवढ्यात लाईट आली, पंखा कुरकुरायला लागला. मी घाईघाईने अंडं ओतलं आणि झाकण पाडलं. काकी म्हणाली, "मग सांगितलं कुनी, त्ये बोलली का?" माझ्याकडेच बघत होती, तशीच, कुंपणाशी बघितलं होतं तशी. एवढा सोपा रस्ता मला आयुष्यात कुणी करून दिला नसेल. लाल दिवा जळत होता. मी म्हणाले, "नाय, त्ये नाय बोलली." मग म्हणाली, "जाऊ दे. काढ आता, ऊन ऊन दे."

दोन झाली. एक तिने खाल्लं, हिरड्यांनी, सावकाश, सगळं. दुसरं मी खाल्लं. या मशीनमधली दोन्ही ऑम्लेटं एका वेळी संपली असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. निघताना तिने माझा हात धरून ठेवला, सोडेच ना. "परत सांग गो, काय बोलली?" मी परत सांगितलं. या वेळी जास्त सांगितलं, की तू तिला बोलावून घ्या म्हणालीस, की तुला लावणीचे दिवस आठवत होते, की तू रडलीस. ती ऐकत होती आणि मान हलवत होती.

हे कागद घडी घालून मशीनच्या खोक्यात ठेवते, वॉरंटीच्या कार्डाखाली, तिथे लेक कधी बघणार नाही. तुझ्या तोंडी खोटं घालून आले मी, आये. पहिल्यांदा सांगताना माझा आवाज कापत होता. दुसऱ्यांदा सांगताना तो जराही कापला नाही.